काचेचा जुडगा

४ फेब्रुवारी

नापास!

नव्या मॉडेलच्या स्पीकरची पहिली जोडी आज जिना चढून वर आली आणि दहा मिनिटांत खाली गेली. पुतण्याचं तोंड बघण्यासारखं झालं असणार. मी बघितलं नाही.

कसोटीची तबकडी तीच. ह्यांनी कारखाना काढला त्या वर्षी याच खोलीत ध्वनिमुद्रित केलेली. आधी सुतारमामांचा रंधा. मग एक बाई गाते – साथीला काही नाही, नुसता गळा. आणि शेवटी किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडतो. आमचाच जुडगा, आता माझ्या कमरेला असतो तो. लोखंड आणि पितळ. त्याचा आवाज मी झोपेतही ओळखीन. आज तो काचेचा वाटला. कपबशी फुटल्यासारखा! रंधा लाकडावर नाही, पत्र्यावर चाललेला. गाणाऱ्या बाईच्या प्रत्येक ‘स’ला सुरीची धार.

पुतण्या आलेख घेऊन पुढे. खाली कारखान्यात स्पीकरच्या तोंडाशी मायक्रोफोन धरून काढलेला.

“काकू, रेघ बघा. टेबलासारखी सपाट आहे.”

“मग त्या टेबलावर जेव. मला आवाज ऐकव.”

नियम त्याला नवा नाही. या खोलीत जी जोडी पास होईल तिलाच आमच्या नावाची पितळी पाटी. पाट्यांचं कपाट इथेच, त्याची किल्ली जुडग्यात. मी ह्यांच्याही जोड्या नापास केल्या आहेत. रुसून बसायचे, जेवायला यायचे नाहीत. जोडी सुधारली की यायचे.

एक मात्र बरं झालं. खोलीत आता टाचणी पडली तरी ऐकू येईल. जाऊबाईंना गेल्या आठवड्यात बाहेर काढलं ते योग्यच केलं. इतकी वर्षं डाव्या भिंतीशी ती अगडबंब गादीची खुर्ची, लोकरीच्या टोपल्या, शालींचा ढीग, आणि त्या ढिगात जाऊबाई. गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पंखा या खोलीतला चांगला म्हणून मुक्काम इथे. विणकामाच्या सुया टिक टिक टिक. शेवटी बोलले – ऐकायच्या खोलीत ऐकणाऱ्यांनीच बसावं! म्हणाल्या, “बरं हो, कानसेनबाई.” खालचे चार जण बोलावून खुर्ची आपल्या खोलीत न्यायला लावली. टोपल्यांसकट. गेल्या तर गेल्या.

६ फेब्रुवारी

जज्जसाहेबांचा फोन. निवृत्त झाले तरी कोर्टातली भाषा सुटलेली नाही.

“बाईसाहेब, तक्रार दाखल करायची आहे.”

“कोणाविरुद्ध?”

“तुमच्याविरुद्ध. तुमचे स्पीकर चावायला लागलेत.”

त्यांची जोडी वीस वर्षांपूर्वीची. आमच्या हातून घडलेल्या उत्तम जोड्यांपैकी एक. मी विचारलं, घरात काही बदललंय का? म्हणाले, “काही नाही. सौ. गेली तेवढं सोडलं तर. मुलगी येऊन घर आवरून गेली. आता मी आणि चार भिंती.”

“आमचे स्पीकर चावत नाहीत. कान तपासून घ्या.”

“घेतले. निर्दोष सुटलो.”

हसू येत होतं, दाबलं. जोडी इकडे मागवते, असं मी सांगितलं. वीस वर्षांपूर्वीचा माल दुरुस्तीला घेणारे आता उरलेत किती? बाकीचे म्हणतात, नवीन घ्या. आमच्याकडे सुटे भाग ठेवलेले असतात. पुतण्या त्याला अडगळ म्हणतो.

९ फेब्रुवारी

दुसरी जोडी. नापास.

वरचा छोटा स्पीकर, आम्ही त्याला चिमणी म्हणतो, तो बदलून आणला होता. चिमणी बदलली, ओरडणं तेच. सुतारमामा जिन्यातच उभे होते. म्हणाले, “बाई, लाकडात खोट नाही. दोन्ही पेट्या एकाच फळीच्या आहेत, जुळ्या भावांसारख्या.”

“मामा, जुळे भाऊ एका सुरात भोकाड पसरतात. म्हणून गाणं होतं का?”

मामा हसले नाहीत. पूर्वी हसायचे.

तुलनेला आमची ‘आई’ असती तर बरं झालं असतं. आई म्हणजे पहिली जोडी, जिच्यावरून सगळ्या पुढच्या जोड्या तपासल्या. पुतण्याने तिला महिन्याभरासाठी प्रदर्शनात पाठवलं आहे. आईला प्रदर्शनात! काय बोलायचं!

११ फेब्रुवारी

आज एक जाहिरातवाली आली होती. पुतण्याने बोलावलेली. बावीस तारखेला बाहेरगावचा मोठा विक्रेता नवं मॉडेल ऐकायला येतोय. त्याच्या सगळ्या दुकानांत माल ठेवणार म्हणे. त्याच्या हातात द्यायला पुस्तिका हवी. मुलगी चुणचुणीत, टाचा खाडखाड वाजवत आली.

“मॅडम, एका ओळीत सांगा ना, तुमचा ब्रँड उत्कृष्ट कशामुळे?”

“एका ओळीत मेल्याची बातमीसुद्धा बसत नाही.”

“वारसा? कारागिरी? की... लाकडातला आत्मा?”

“लाकडात आत्मा नसतो. ओलावा असतो. तो जाईपर्यंत थांबावं लागतं.”

ती लिहून घ्यायला लागली, म्हणून मी गप्प झाले. पण इथे लिहिते, इथे कोणी पुस्तिका छापणार नाही.

दुकानात ढुमढुम करणारा स्पीकर सोपा आहे. गिऱ्हाईक पाच मिनिटं ऐकतं, छाती हादरते, पैसे देतं. आठवड्याने त्याचं डोकं उठतं आणि स्पीकरवर फुलदाणी येते. आमचा स्पीकर दुकानात नेहमी हरतो. घरी जिंकतो. तो चांगला असल्याची खूण एकच – घरी आलेला पाहुणा स्पीकरबद्दल बोलतच नाही. गाणं कोणाचं ते विचारतो. आणि मागच्या पडवीत आमच्या नापास जोड्या धूळ खात पडल्या आहेत ना, तेवढा माल विकून काही कंपन्या मोठ्या झाल्या. नाही म्हणायला येणं, हीच सगळी कारागिरी. बाकी सुतारकाम.

जाताना तिला एवढंच म्हटलं – आम्ही नापास करतो म्हणून.

“मॅडम, नकार विकला जात नाही हो.”

“म्हणून तर आमचा महाग आहे!”

१४ फेब्रुवारी

पुतण्याने आज तोंड उघडलंच. आधी नुसता घुटमळला, मग – “काकू, वय होतं तसं वरचे सूर कमी ऐकू येतात. सगळ्यांनाच. एकदा कान तपासून घेतले तर?”

सरळ चप्पल घातली आणि गेले. कानाचा डॉक्टर म्हणजे ओठांवर जेमतेम मिशी फुटलेला. काचेच्या खोलीत बसवून कानांत पिक पिक केलं. म्हणाला, “वयाच्या मानाने छान आहे, आजी. वरचं थोडं गेलंय.”

आजी!

कागद आणून पुतण्याच्या पुढ्यात ठेवला. त्याचा चेहरा उजळला. “बघा, मी म्हणत होतो!”

“काय म्हणत होतास? मला वरचं कमी ऐकू येतं. बरोबर? मग कमी ऐकू येऊनही मला जे टोचतं, त्याने तुमचे तर कान फाटायला हवेत!”

त्याने कागद पुन्हा वरपासून वाचला. गणितच तसं आहे. शेवटी म्हणाला, “आणि समजा तुमचा निकाल चुकला तर?”

“तर जुडगा तुझा. शब्द देते.”

“पाट्या बाहेरून करून मिळतात, काकू. पितळ कोणीही ओततो.”

हे बोलला आणि स्वतःच वरमला. पण हे बोलणं ज्याच्या डोक्यात आलं, त्याच्या हातात कारखाना आहे.

१५ फेब्रुवारी

घरात आता दोनदा चहा होतो. जाऊबाई त्यांचा त्या करून घेतात. मुलाशी, म्हणजे पुतण्याशी बोलतात, भांडीवालीशी बोलतात, मांजराशी बोलतात. माझं काय अडलंय!

१७ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

जज्जसाहेबांची जोडी दुपारी आली. मेकॅनिकने सगळं मोजलं, काही बिघाड नाही म्हणाला. मी खोलीत लावली. कसोटीची तबकडी ठेवली. रंधा – पत्र्यावर. बाई – सुरी. जुडगा – काच. म्हणजे म्हातारा खरं बोलत होता! चिमण्या थकल्या असतील, बदला, म्हटलं. मनात जज्जसाहेबांची एक माफी मागून टाकली.

पुतण्या दारात उभा होता. या वेळी हातात आलेख नव्हता.

“काकू, नवी नापास. दुसरी नवी नापास. आता ही. ही तुम्ही पास केलेली, काकांनी स्वतः पाटी ठोकलेली – हीसुद्धा नापास. मग या खोलीत पास काय होणार?”

“खरा आवाज पास होणार!”

“खरा म्हणजे कुठला? तुमच्या डोक्यातला?”

मग मात्र माझा तोल गेला. कमरेचा जुडगा काढला. “डोक्यातला? हा ऐक! हा आवाज यायला हवा तुझ्या स्पीकरमधून!” आणि फरशीवर आपटला.

काच फुटली.

म्हणजे जुडगाच पडला होता, डोळ्यांदेखत. लोखंड आणि पितळ. पण आवाज काचेचा. मी वाकून उचलला, पुन्हा टाकला. काच. तिसऱ्यांदा. काच! खरा जुडगा, माझ्या कमरेचा – नापास!

पुतण्याला काही कळलं नाही. “काकू, बसा जरा. पाणी आणू?”

“खाली जा.”

“पण –”

“जा म्हटलं ना!”

दार लावून घेतलं. स्पीकर बंद, यंत्र बंद, खोलीत मी आणि जुडगा. मग दोष कोणात राहिला? आजूबाजूला बघितलं. उजवीकडे पुस्तकांचं कपाट, होतं तिथेच. पडदे तेच. सतरंजी तीच. डाव्या भिंतीवर रंगाचा एक नवाकोरा चौकोन. खुर्चीएवढा. खुर्चीत बसलेल्या माणसाएवढा.

१८ फेब्रुवारी

काल घरभर किल्ल्या पाडत हिंडले. स्वयंपाकघरात काच. जिन्यात काच, वर घुमणं. पाहुण्यांच्या खोलीत जरा बरा. जाऊबाईंच्या उंबरठ्यात टाकला – आणि तिथे तो होता! लोखंड. पितळ. आमचा जुडगा!

आतून आवाज आला, “कोण गं किल्ल्या पाडतंय? हातही थरथरायला लागले का आता?”

आत गेले. एवढीशी खोली, तिच्यात ती खुर्ची म्हणजे बोळात हत्ती. जाऊबाई शालींत बुडालेल्या. मांजर टोपलीत.

“वहिनी, तुम्ही पुन्हा वर येऊन बसा.”

“मी? मला गाण्यातलं काय कळतं? ऐकायच्या खोलीत ऐकणाऱ्यांनी बसावं.”

“ऐकू नका. नुसतं बसा.”

“का? शोभेला?”

“तुम्ही आवाज पिता.”

“काय पिते?”

“आवाज. तुम्ही, खुर्ची, लोकर – तिघी मिळून. डाव्या भिंतीवरून जो आवाज उडी मारून माझ्या कानात येतो ना, तो तुम्ही मधल्या मध्ये अडवता. तुम्ही उठून गेलात आणि सगळं कर्कश झालं. स्पीकर बिचारे नीट आहेत.”

जाऊबाईंनी सुई थांबवली. “एवढी वर्षं म्हणायचीस मी बसून खाते. आज म्हणतेस पिते. एकदा काय ते ठरव गं बाई.”

मी खाली पडलेला लोकरीचा गुंडा उचलून दिला.

“आणि सुया?”

“वाजू देत.”

“लोखंडाच्या आहेत. दोन्ही.”

“वाजू देत म्हटलं ना!”

“ओरडू नकोस, मी काही स्पीकर नाही.” मग उठल्या. गुडघ्यावर हात टेकत, मुद्दाम सावकाश. “चहा टाक आधी. एकच भांडं टाक, गॅस फुकट जातोय.”

माफी मी मागितली नाही. मांजर काढून टोपली मात्र मीच उचलली.

१९ फेब्रुवारी

पास!

नवी जोडी. पहिलीच, जी मी दहा मिनिटांत हाकलली होती ती. रंधा चालला आणि लाकडाचा वास येईल असं वाटलं. बाई गायली, आणि मी तिच्या श्वासाची वाट बघत बसले. जुडगा पडला – माझा हात आपोआप कमरेकडे गेला, जागेवर आहे का बघायला. यापुढे कसला पुरावा हवा!

जज्जसाहेबांची जोडीही लावली. तीही पास. चिमण्या बदलायची गरज नाही.

जाऊबाई तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या.

त्यांच्याकडे बघत बराच वेळ बसले. म्हणजे पहिल्या दिवसापासून, ‘आई’पासून, ज्याला मी माझा कान म्हणत आले, त्या कानात या बसल्या होत्या. घोरत. राग आला. खरंच आला. माझं एक म्हणून जे होतं, त्यातही वाटेकरी! मग विचार केला. मोठमोठ्या कंपन्या बंद, भिंतींना गाद्या मढवलेल्या, रिकाम्या खोल्यांत आवाज घडवतात. तिथे एक माणूस आणि एक यंत्र. आमचा आवाज घडला तो कोणीतरी शेजारी बसलेलं असताना. न ऐकता. आपलं काहीतरी करत. घरं अशीच असतात की! कोणाच्या घरी गाणं लागलं की सगळे हात जोडून ऐकतात? एक ऐकतो, दुसरा तिथे असतो.

जाहिरातवालीला फोन करून ओळ दिली – शेजारी कोणीतरी न ऐकता बसलंय, तेव्हा घडलेला आवाज.

“मॅडम, याचा अर्थ कळत नाही हो.”

“मग छापू नका.”

२२ फेब्रुवारी

विक्रेता आला. चकाकते बूट, घाईचा माणूस. आत आल्या आल्या जाऊबाईंकडे बघून पुतण्याला हळूच विचारलं, “या इथेच बसणार?” मी म्हटलं, “त्या इथेच बसणार. तुम्हाला जायचं असेल तर जिना तिकडे आहे.” पुतण्या पांढराफटक. पण विक्रेता बसला. तबकडी झाल्यावर त्याने ती पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा मान मागे टाकून डोळे मिटले होते. स्पीकरबद्दल एक शब्द बोलला नाही. ही गाणारी बाई कोण, तेवढं विचारलं. मी पुतण्याकडे बघितलं. त्याला कळलं.

जाताना त्याचं मागणं – पाट्या जरा मोठ्या करा, लांबून दिसत नाहीत. म्हटलं, पाटी आहे एवढीच राहील. “मग नाही जमलं तर?” तर नाही जमलं! जिन्यात दोनदा थांबला. शेवटी वर येऊन सही केली.

तो गेल्यावर जुडगा काढून पुतण्याच्या हातात ठेवला.

“हे काय?”

“शब्द. निकाल चुकला होता माझा.”

“पण काकू, कान बरोबरच होता. आवाज खरंच काचेचा होता. स्पीकरचा दोष नव्हता एवढंच –”

“वकिली नको. जोडी चांगली होती, मी नापास केली. दोनदा. उद्यापासून मधल्या, ऐकायच्या खुर्चीत तू. नापास करायला शीक. पहिल्यांदा पोटात गोळा येतो. आला नाही तर समजायचं, आपण नुसते पाट्या विकतोय.”

जुडगा घेतला त्याने. मग म्हणाला, “पितळाचं बोललो ते –”

“ऐकलंच नाही मी. वरचं थोडं गेलंय माझं.”

जाऊबाई खुर्चीतून म्हणाल्या, “मग आता ही काय करणार दिवसभर? माझं डोकं खाणार!”

कमरेला हलकं वाटतंय. सवय होईल. नाही झाली तरी चालेल.

२६ फेब्रुवारी

जज्जसाहेबांची जोडी पोचवायला मी स्वतः गेले. लावून ऐकली. चावत होती! विचारलं, तुमच्या सौ. कुठे बसायच्या? उजव्या खिडकीशी, म्हणाले. खुर्ची मुलीने माळ्यावर टाकली आहे. खाली काढायला लावली, झटकली, होती तिथे ठेवली. तरी अजून धार होतीच. मग मीच त्या खुर्चीत बसले.

गाणं मऊ झालं.

“आता बरोबर आहे!” डोळे मिटूनच म्हणाले. “काय केलंत, बाईसाहेब?”

“काही नाही. बसलेय.”

दर गुरुवारी जाणार आहे. लोक बोलतील. बोलू देत. जाऊबाईंकडून सुया मागून घेतल्या आहेत – लोखंडाच्या.